झाकण उघडल्यावर

जुलै महिन्यात गिरगावात कुठलीच वस्तू पुरती वाळत नाही. दोरीवरचे कपडे, काडेपेटीची कड, मिठाची बरणी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळ्यांना ओल धरते. चौपाटी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हवेत खारही असतो. अशाच एका रात्री मी संगणकाचं बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि आतून एक लांब बीप आली. थांबली. पुन्हा तेवढीच लांब बीप.

पडदा लागण्याआधी मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो. काही बिघडलं असेल आणि पडद्यावर सांगता येत नसेल, तर आवाजाने सांगतो. प्रत्येक कंपनीची ही बीपची भाषा थोडी वेगळी. माझ्या बोर्डाच्या भाषेत लांब बीप पुन्हा पुन्हा आली, की मेमरी सापडत नाही असा अर्थ. मी वायर काढली, बाजूचं झाकण काढलं, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि रॅमच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या क्लिपा बाहेर ढकलल्या. पट्टी अलगद वर आली. तिच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. ओल, धूळ आणि खार यांचा एक थर त्यांवर बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण विजेला अडवतो. शाळेत वापरतात तो साधा खोडरबर घ्यायचा आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने घासायचं. रबराचा कीस रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडायचा. मग पट्टी खाचेत ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. ‘टक्’ असा आवाज दोन्हीकडून आला पाहिजे. एकीकडूनच आला तर ती बसलेली नाही.

त्या रात्री दुसरा ‘टक्’ काही येईना. बोर्ड बिघडला नव्हता. माझ्या उजव्या अंगठ्यात जोरच उरला नव्हता. गेले काही आठवडे त्या हाताला मुंग्या येत होत्या आणि मी त्याकडे काणाडोळा करत होतो. शेवटी डाव्या हाताने रेटा दिला. यंत्र सुरू झालं. हाताचं मात्र काहीतरी करायला हवं होतं.

गिरगाव, परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात संगणकाचा नाद लागलेल्या आमच्या पिढीचं शिक्षण असंच झालं, झाकण उघडून. वर्गात शिकवलेलं थोडं आणि उघडून पाहिलेलं फार. दहा बाय बाराच्या खोलीत कॅबिनेटचं झाकण बहुतेक वेळा काढलेलंच असे. आतली गरम हवा बाहेर जायला दुसरी वाट नसे, म्हणून उन्हाळ्यात समोर टेबलफॅन लावायचा. संगणक ठेवायला वेगळं टेबल कुणाकडे होतं? माझा पहिला संगणक आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर बसला. शिवणयंत्र पलंगाखाली गेलं आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस दोघांची अदलाबदल होई. त्या टेबलाची उंची पुढे माझ्या मनगटाला महागात पडली, पण ते नंतर सांगतो.

आमचं विद्यापीठ होतं लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव बाजाराच्या तोंडून जात नाही. ठाकूरद्वारहून निघायचं, खेतवाडीच्या गल्ल्या एकामागून एक ओलांडायच्या, की पंधरा-वीस मिनिटांत हा रस्ता लागतो. ऑपेरा हाउसपासून मुंबई सेंट्रलकडे जाणारा. एके काळी हा सिनेमाचा रस्ता. मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला तो इथेच, आणि नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांची कार्यालयं. त्याच्याच आगेमागे रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. मग टीव्हीचे भाग, कॅसेटचे भाग, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून संगणकाचे. गल्ल्यावरचा माल बदलत गेला, ग्राहक मात्र तोच राहिला. हातात बिघडलेली वस्तू आणि खिशात मोजके पैसे घेऊन येणारा.

इथे खरेदीची एक रीत आहे. पहिल्या दुकानात शिरायचं आणि ‘कोटेशन’ मागायचं. काउंटरवरचा मुलगा एका चिठ्ठीवर भराभर लिहून देतो. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट, प्रत्येकापुढे आकडा. ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दुकानात. चौथ्या दुकानापर्यंत पोचता पोचता दर तर कळतातच, पण कुठला बोर्ड कुठल्या प्रोसेसरला चालतो, कुणाचा पंखा लवकर वाजायला लागतो, कशाला तीन वर्षांची वॉरंटी आणि कशाला नुसतं ‘टेस्टिंग’, तेही कळतं. चार दुकानांतली चार माणसं फुकट शिकवतात. पुस्तकात मिळालं नसतं असं निम्मं ज्ञान मला या चिठ्ठ्यांनी दिलं. त्यांतल्या काही अजून जपून ठेवल्या आहेत.

रॅमचे भाव इथे दादरच्या भाजीसारखे रोज बदलतात. लहानपणी ते कोडं वाटायचं, नंतर उलगडलं. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये मोठा भूकंप झाला आणि जगभर मेमरीचे भाव चढले. २०११ च्या पावसाळ्याअखेर थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्क पाहता पाहता दुपटीच्या घरात गेली. खेतवाडीतून चालत आलेल्या मुलाला बँकॉकच्या पुराची खबर काउंटरवरच्या चिठ्ठीतून मिळते, याचं मला आजही अप्रूप आहे. जग जोडलेलं आहे हे वाक्य सगळेच ऐकतात. माझ्या हातात त्याची किंमत लिहिलेली होती.

एकदा मी घेतलेला बोर्ड वर्षभरात मेला. झाकण काढलं तर प्रोसेसरभोवतीच्या पाच-सहा कपॅसिटरांची डोकी फुगलेली, एकातून तपकिरी चिकट द्रव बाहेर आलेला. दुकानदाराने हात वर केले. पुढे वाचलं तेव्हा कळलं की २००० च्या आसपासची काही वर्षं सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले होते आणि नामवंत कंपन्याही त्यातून सुटल्या नव्हत्या. आता कुठलंही बंद यंत्र समोर आलं, की माझी नजर आधी त्या छोट्या पिंपांच्या माथ्यावर जाते. माथा सपाट असला की बरं वाटतं.

झाकण उघडून शिकण्याची ही परंपरा मुंबईत आमच्यापेक्षा बरीच जुनी आहे. देशात पहिला संगणक कलकत्त्याला आला, तो परदेशातून विकत घेतलेला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तो स्वतः बांधायचा ठरवला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण गटाने आधी एक छोटं नमुना यंत्र केलं, मग मोठं हाती घेतलं. फेब्रुवारी १९६० मध्ये ते कामाला लागलं. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते, आणि ते १८ फूट लांब, ८ फूट उंच पोलादी सांगाड्यात बसवलेले होते. दोन्ही बाजूंना दारं, म्हणजे उघडून आत हात घालता यावा. मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. आजच्या हिशेबाने सुमारे दहा हजार बाइट, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या शुभेच्छांच्या एका चित्राहून कितीतरी कमी. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला पंडित नेहरू आले तेव्हा त्यांनी त्याचं नाव ठेवलं, टीआयएफआरएसी, म्हणजे ‘टिफरॅक’. दोनच वर्षांत, १९६४ मध्ये, अमेरिकेतून सीडीसी ३६०० हे कितीतरी वेगवान यंत्र तिथे आलं आणि टिफरॅकचे दिवस भरले. पण बांधता बांधता जी माणसं तयार झाली ती विकत घेतलेल्या यंत्रातून झाली नसती, असं मी ठामपणे मानतो.

परळ-लालबागमध्ये संगणक आला तो मात्र वेगळ्या वाटेने. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले बरेचसे पुन्हा खात्यात परतलेच नाहीत. बँकांतल्या, विम्यातल्या संघटना त्याच काळात संगणकाला विरोध करत होत्या, आणि त्यांची भीती पोकळ नव्हती, ती पोटाची होती. पुढे त्याच गिरणगावातली मुलं-मुली टायपिंगच्या क्लासांतून संगणकाच्या क्लासांत गेली. चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, त्यांत आठ संगणक, बाहेर चपलांची रांग. ज्या आवारात वडिलांनी साचे चालवले तिथेच उभ्या राहिलेल्या काचेच्या कचेऱ्यांत ती कीबोर्डवर बसली. कमला मिल, फिनिक्स मिल ही नावं राहिली, भोंगा गेला.

इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांना खुलं केलं. वैयक्तिक खात्याला २५० तासांचे ५,००० रुपये, म्हणजे तासाला वीस, आणि टेलिफोनचं बिल वेगळं. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. मला ते परवडायला आणखी काही वर्षं जावी लागली. तोवर दादरच्या सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे मोजायचे, आणि काय काय बघायचं त्याची यादी घरून कागदावर लिहून न्यायची. त्या यादीत एकदा केंब्रिजची कॉफीची किटली होती. तिथल्या विद्यापीठात १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा बसवला होता, वरच्या मजल्यावरच्या माणसाला भांडं रिकामं आहे का हे जागेवरून कळावं म्हणून. १९९३ पासून ते चित्र साऱ्या जगाला दिसू लागलं आणि २००१ पर्यंत दिसत राहिलं. धूसर, करडं, टपाल तिकिटाएवढं. दादरला बसून मी केंब्रिजमधली कॉफी संपलेली पाहिली. त्या दिवशी मला नेट काय आहे ते पटलं.

नेटचं झाकण कसं उघडायचं? त्यासाठी ‘ट्रेसरूट’ नावाची आज्ञा आहे. एखाद्या संकेतस्थळाचं नाव देऊन ती चालवली, की आपली विचारणा कुठल्या कुठल्या टप्प्यांवरून गेली आणि प्रत्येक टप्प्याला किती मिलिसेकंद लागले, त्याची यादी पडद्यावर येते. मी तासन्‌तास ती वाचत बसलो आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद तरी लागणारच, त्याच्या आत उत्तर येणं शक्य नाही. प्रत्यक्षात आकडा शंभराच्या वर दिसतो, कारण केबल सरळ जात नाही. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा तिचा फेरा असतो.

आणि ती केबल जमिनीवर येते कुठे? अशा जागांपैकी एक दादर-प्रभादेवीची. काशिनाथ धुरू मार्गावरच्या लोकमान्य विदेश संचार भवनात ‘फ्लॅग’सारख्या समुद्राखालच्या केबलींची टोकं आली. मी कित्येक वर्षं त्या इमारतीवरून दादरच्या चौपाटीकडे चालत गेलो होतो, आणि पायाखालून काय जातं याचा पत्ता नव्हता. कळल्यावर एका संध्याकाळी मुद्दाम गेलो. दिसण्यासारखं काहीच नाही. वाळू, फिरायला आलेली मंडळी, किनाऱ्याला लागलेला कचरा, दूर सी-लिंकचे दिवे. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या तेव्हा इकडे मुंबईत पानं उघडेनाशी झाली होती. आणि गंमत अशी, की १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन अशी तारायंत्राची केबल टाकली, तिची वाटही तांबड्या समुद्रातूनच सुएझकडे जात होती. दीडशे वर्षांत तांब्याची काच झाली. वाट तीच आहे.

दुसरं एक कोडं अनेकांनी पाहिलं असेल. फोन किंवा कॅमेरा बिघडला, की एखाद्या फोटोवर तारीख येते १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. साडेपाचच का? संगणकांचं एक मोठं घराणं वेळ मोजतं ते १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले त्यावरून, आणि ती मध्यरात्र ग्रिनिचची. तारीख हरवली की आकडा शून्यावर येतो, आणि ग्रिनिचचं शून्य म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. हा आकडा ३२ बिटांत साठवणारी जुनी यंत्रं १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरून जातील आणि पुढच्या सेकंदाला १९०१ सालात पडतील. नवी यंत्रं ६४ बिटांची आहेत, त्यांना भय नाही. पण लिफ्ट, मीटर, जुनी वैद्यकीय उपकरणं यांच्या पोटात काय आहे ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

हे साडेपाच तासही मुंबईने सहजी घेतले नव्हते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तोवर मुंबई स्वतःच्या वेळेने, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे चालत होती. घड्याळं ३९ मिनिटं पुढे सरकवल्यावर गिरणी कामगारांना सूर्याच्या हिशेबाने तेवढं आधी खात्यात हजर व्हावं लागणार होतं. त्याच महिन्यात कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम थांबवलं. शहराचं जुनं घड्याळ पुढे चाळीसेक वर्षं तरी रेंगाळलं. माझ्या फोनमधल्या त्या ‘साडेपाच’मागे गिरणगावातली ती पहाट आहे, असं मला दर वेळी वाटतं.

आता अक्षरांकडे येतो, कारण माझा जीव सगळ्यांत जास्त तिथे गुंतलेला आहे. गिरगावापासून हाकेवर, काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. देवनागरीचे सुबक खिळे पाडणं हे त्यांचं वैभव. शंभर-सव्वाशे वर्षांनी आम्ही जेव्हा पडद्यावर मराठी लिहू लागलो तेव्हा मात्र दैना होती. प्रत्येक डीटीपीवाल्याचा फॉन्ट वेगळा. एकाकडे टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्याकडे उघडली, की नवरा-नवरीच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं, चिन्हं आणि आकडे यांचा काला. वरून मराठी दिसत असलं तरी आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक होते, त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतं, आत तीन वस्तू असतात: क, पाय मोडणारं हलन्त, आणि ष. ‘श्री’ उघडली तर चार निघतात. आणि मराठीची खास खूण म्हणजे चंद्रकोरीसारखा तो अर्धा र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. या दोहोंत फरक आहे तो एका क्रमांकाचा. दुसऱ्या शब्दात साध्या ‘र’च्या जागी नुक्ता असलेला ‘ऱ’ घालावा लागतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘र’ जिथे आहे तीच कळ शिफ्टसह दाबायची. हे ठाऊक नसलेली माणसं वर्षानुवर्षं ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ छापत राहिली आणि दोष संगणकाला देत राहिली.

‘ॲ’ची कथा याहून हळवी आहे. बॅट, बँक लिहायला अडचण नाही, पण शब्द ‘ॲ’ने सुरू होत असेल तर? या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र घरच नव्हतं. लोक ‘अ’ काढून त्यावर चंद्र ठेवत. २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत त्याला क्रमांक मिळाला. पण जुनं लिखाण जुन्याच पद्धतीचं राहिलं. त्यामुळे डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन ‘ॲप’ यंत्राच्या लेखी दोन निरनिराळे शब्द असतात. शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. त्याच २००८ च्या फेब्रुवारीत र. कृ. जोशी गेले. आयआयटी मुंबईत सुलेखन शिकवलेले, विंडोज २००० बरोबर घराघरांत पोचलेला ‘मंगल’ फॉन्ट रेखणारे. आज कोट्यवधी लोक त्यांच्या हाताचं वळण वाचतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना त्यांचं नाव माहीत आहे. हे मला फार लागतं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली, ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असावा असं सांगितलं. पण माझ्या फोनवर हिंदी वळणाचाच ‘ल’ दिसत होता, आणि तो बदलायला मला सेटिंगच्या तीन पायऱ्या उतराव्या लागल्या.

आणि ही सारी वर्षं बिल येत होतं शरीराच्या नावावर.

इटलीत बर्नार्दिनो रामात्सिनी नावाचे वैद्य होऊन गेले. कुठल्या धंद्याने कुठला आजार होतो यावर त्यांनी १७०० मध्ये ग्रंथ लिहिला, आणि १७१३ च्या पुरवणीत लेखनिकांच्या दुखण्यांवर प्रकरण जोडलं. त्यांनी तीन कारणं सांगितली: सतत बसणं, हाताची न थांबणारी एकाच तऱ्हेची हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. बोरूच्या जागी माउस आला, कारणं जिथल्या तिथे आहेत.

माझ्या मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू इथवर येत. करंगळी स्वच्छ. पहाटे तीनला जाग येई, हात झटकला की बरं वाटे. मी आधी नेटवर शोधलं, आणि दहा मिनिटांत मानेपासून मेंदूपर्यंत सगळे भयंकर आजार मला झाले. यंत्राच्या बाबतीत मी असं कधी केलं नसतं. यंत्र बंद पडलं तर मी आधी बीप ऐकतो, झाकण उघडतो, एकेक भाग तपासतो. स्वतःच्या हाताच्या बाबतीत मात्र न बघताच भ्यालो. तीन आठवडे असेच गेले. मग परळला एका ओपीडीत रांगेत बसलो.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, “काका, करंगळीला येतात का मुंग्या?” नाही म्हटल्यावर त्यांनी दोन्ही तळहातांच्या पाठी एकमेकींना लावायला सांगितल्या, बोटं खाली, कोपरं वर. उलटा नमस्कार. “एक मिनिट तसेच राहा.” चाळीस सेकंदांत उजव्या अंगठ्यात झिणझिण्या सुरू झाल्या. त्यांनी कागदावर मनगट काढून दाखवलं. आठ लहान हाडांची कमान, वर एक चिवट पट्टा, आणि मधल्या बोगद्यातून जाणारे नऊ स्नायुबंध व एक मज्जातंतू. स्नायुबंधांना सूज आली, की तंतू दबतो. करंगळीचा तंतू या बोगद्यातून जातच नाही, म्हणून ती सुटते. मी तो कागद मागून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या हाताचं झाकण उघडून दाखवलं होतं.

त्यांनी साखर आणि थायरॉइडही तपासायला लावलं, कारण अशा मुंग्यांमागे ती दोन्ही असू शकतात. नुसत्या कीबोर्डनेच हा त्रास होतो असं खात्रीने म्हणता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. तपासण्या ठीक आल्या. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी सहा आठवडे, माउस डाव्या हाताला, आणि टेबलाची उंची कमी. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहील एवढीच. आईच्या शिवणयंत्राचं टेबल त्या मापाने चांगलं चार बोटं उंच निघालं. टेबल कापवेना, म्हणून खुर्ची उंच केली आणि पायांखाली पाट घेतला. मग पडदा खाली गेला. मान पुढे वाकली की पाचेक किलोच्या डोक्याचा भार मानेवर कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून पडदा उचलणं भाग होतं. त्याच्याखाली चार जाड दिवाळी अंक ठेवले. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या परंपरेने माझी मानही सावरली.

डोळ्यांचं दुखणं त्यामानाने सोपं. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्यासमोर हे प्रमाण तिसऱ्या हिश्शावर येऊ शकतं, आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, असा सल्ला देतात. आता बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची, माझी त्याहून लहान. खोलीत वीस फूट आणायचे कुठून? त्यासाठी उठून गॅलरीत यावं लागतं. चौकापलीकडची समोरची गॅलरी बरोबर तेवढ्या अंतरावर आहे. तिथे कुणी तांदूळ निवडत असतं, कुणी फोनवर भांडत असतं, वाळवणाची चादर पसरलेली असते. डोळ्यांना आराम मिळतो आणि शेजाऱ्यांची विचारपूसही होते. “काय, आज लवकर सुटलात संगणकापासून?” असं समोरच्या काकू रोज विचारतात.

डॉक्टरबाईंनी मला नंतर ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलं, आणि तिथे मला परळची एक गोष्ट सापडली. या विद्येची आपल्या देशातली पहिली शाळा १९५० मध्ये परळच्याच केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती काढली कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी, लग्न होऊन इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. आजारी किंवा अधू माणसाने आपलं रोजचं काम पुन्हा आपल्या हाताने करावं, आणि हात बदलता येत नसेल तर काम हाताजोगं करून घ्यावं, ही या विद्येची रीत. गिरणीतल्या साच्यांवर हात गमावणाऱ्यांच्या वस्तीत ती शाळा उभी राहिली, याचं मोल गिरणगावाला वेगळं सांगायला नको.

थेरपिस्टने मला विचारलं, “हाताने सगळ्यात जास्त काय करता? टायपिंग सोडून.” मी म्हणालो, स्क्रू काढतो. ती हसली नाही. “उद्या स्क्रूड्रायव्हर घेऊन या.” दुसऱ्या दिवशी तिने माझा सडपातळ, पिवळ्या मुठीचा, वीस वर्षांचा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन पाहिला. मूठ बारीक, म्हणून अंगठा आणि तर्जनी जास्त जोराने आवळावी लागतात, आणि मनगट वाकतं. मूठ जाड केली की जोर सगळ्या पंजात वाटला जातो. तिने फेसाची नळी सुचवली. मी गिरगावातल्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून घेतली आणि मुठीवर सात वेढे दिले, वर सुतळीची गाठ.

गणपतीनंतर लॅमिंग्टन रोडला एसएमपीएस घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने तो जोडून तपासायला घेतला आणि त्याचा स्क्रूड्रायव्हर सापडेना. मी पिशवीतून माझा काढून दिला. त्याने चार स्क्रू काढले, चार बसवले, मग तो डाव्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला, पुन्हा उजव्या हातात घेतला आणि मूठ आवळून सोडली. त्याच्या मनगटावर क्रेपची पट्टी होती. “अंकल, ये किधर मिलता है?” त्याने विचारलं. मी त्याला सुतळीची गाठ सोडून सात वेढे उलगडून दाखवले.